मनगटावरची खूण

आमच्याकडे मयत झालेल्या घरी बाया भेटायला गेल्या की उंबरठ्यापासूनच रडणं सुरू होतं. घरातल्या बाईच्या गळ्यात पडायचं, दोघींनी मिळून मोकळं व्हायचं, मग कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतं आणि बोलणं सुरू होतं. हे कुणाला शिकवावं लागत नाही. मोठ्या मायला मात्र मी शिकवलं.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. यवतमाळहून जाताना दारव्ह्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि आमची दोन्ही घरं एकाच अंगणाला लागून. मी लहान असताना गावात कुठे मयत झाली की आधी मोठ्या मायला बोलावणं यायचं. जिच्या डोळ्यांतून पाणी येत नाही अशी बाईसुद्धा तिच्या गळ्यात पडली की रडायची. कपाशीच्या त्या वाईट वर्षांत तिला पुष्कळ घरी जावं लागलं, कधी गावात, कधी शेजारच्या बोरी अरबला.

मग आमच्याच गल्लीतला एक तरुण माणूस गेला. त्याच्या बायकोसमोर बसून मोठी माय म्हणाली, "चहात साखर नाई टाकली का वं?"

सगळ्या बाया तिच्याकडे पाहू लागल्या. मोठी माय कप खाली ठेवून भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होती.

त्यानंतर तिचं असंच होत गेलं. तिचा नवरा, म्हणजे मोठे बाबा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. एकदा मशीनमध्ये बोट सापडलं, रक्ताने भिजलेली पट्टी घेऊन ते घरी आले, तर ही म्हणाली, "भाजी थंडी होऊन राह्यली." त्या दिवसापासून मोठे बाबा तिला दगड म्हणू लागले. आजारी आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. कसं येणार? तिला सगळं आठवत होतं. कोणाच्या लग्नात काय वाढलं होतं इथपासून बाजारात कोणता भाजीवाला वजनात मारतो इथपर्यंत.

मी तेव्हा यवतमाळला बी.ए.ला होते. आमच्या दोन्ही घरांतून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सुट्टीत गावी आले की बाया मला बाजूला घेऊन विचारायच्या, "तुह्या मोठ्या मायले झालं तरी काय वं? तू तं शिकलेली हायेस, समजाव ना तिले." मला फार लाज वाटायची. म्हणून मी एक युक्ती काढली. कुणाकडे जायचं असलं की मी तिच्याजवळ बसणार. मी मनगट दाबलं की रडायचं, पाठीवर थोपटलं की हसायचं.

"कायले?" तिने विचारलं.

"लोकं नावं ठेवतेत, मोठी माय."

"ठेवू दे ना. त्याइचं तोंड."

पण ती शिकली. पुढच्या घरी मी मनगट दाबलं तसा तिने पदर तोंडाला लावला आणि अशी रडली की मलाच रडू आलं. मी तिला सांभाळून घेते आहे, असं मला वाटायचं. खरं तर त्या घरातली शिकलेली मुलगी म्हणून मी स्वतःला सांभाळत होते. हे तेव्हा कळत नव्हतं असं लिहिणार होते. पण थोडंसं कळत होतं.

एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं त्या वर्षी बाहेरून एक मॅडम आल्या. मेंदूवर संशोधन करणाऱ्या. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना समोरच्याच्या चेहऱ्यावरची भावना ओळखू येते का, हा त्यांचा विषय. त्यांना आमच्या बोलीत प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं होतं, ते काम मला मिळालं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हा आजार नेहमी विसरण्यापासूनच सुरू होतो असं नाही. काहींची आठवण शाबूत राहते आणि माणसाचा चेहरा वाचणं आधी जातं. मी मान डोलावली, पण माझ्या डोळ्यांसमोर तो चहाचा कप आला होता.

गावी जाऊन मोठ्या बाबांना सांगितलं की मोठ्या मायला हा आजार असेल, मॅडम चाचणी घेऊन सांगतील. ते तेव्हा मोठ्या मायला आर्णीला तिच्या भावाकडे कायमचं सोडायला निघाले होते. ते म्हणाले, "बिमार असन तं ठेवतो. मी काही कसाई नाई. पन नाटक असन तं जाय म्हना आर्णीले." म्हणजे सगळं त्या चाचणीवर येऊन ठेपलं.

पहिली चाचणी लहान होती. लॅपटॉपवर एकेक चेहरा यायचा, हसरा, रडका किंवा रागावलेला, आणि तो कसा आहे ते सांगायचं. म्हातारी माणसं लॅपटॉपला बिचकायची म्हणून मी त्यांचा हात हातात घेऊन बसायचे. तशीच मोठ्या मायजवळ बसले. तिने जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर दिली. मॅडम म्हणाल्या, "यांचं तर छान आहे." मला आनंद झाला. तो का झाला, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

यवतमाळहून परतताना जीपमध्ये आम्ही दोघी मागे बसलो होतो. मोठी माय मनगट चोळत म्हणाली, "आज लय डाव दाबलं वं तुनं. कोन मेलं?"

"मी कुठी दाबलं?"

"मंग? रडक्या बाईले दाबे, हसऱ्यावर थोपटे. काही नाई केलं का मी राग म्हनो."

माझ्या हातांनी मला न विचारता उत्तरं दिली होती. आणि डोकं चालत असल्यामुळे तिने तिसरं उत्तर स्वतःच शोधून काढलं होतं.

हे मी लगेच मॅडमना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. काम जाईल ही भीती होती, आणि बाकीच्या म्हाताऱ्या माणसांचेही हात मी धरले होतेच ना! इकडे मोठ्या बाबांनी तिच्या लुगड्यांचं गाठोडं बांधून ओसरीत ठेवलं. "कॉलेजवाल्याइनं सांगतलं का डोकं चांगलं हाये," ते सगळ्यांना सांगत. मोठी माय त्या गाठोड्याला टेकून तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असायची. ते पाहिल्यावर मात्र मी पहिल्या जीपने यवतमाळ गाठलं.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हात धरायचा नाही, हे मीच तुला सांगायला हवं होतं." मग मी बसले होते त्या सगळ्या चाचण्या त्यांनी रद्द केल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वेळी मी खोलीबाहेर थांबले. दाराला काच होती. मोठ्या मायने आत बसताच सवयीने आपला हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, मनगट वर करून. चेहरे येत गेले. प्रत्येक चेहऱ्याला ती आधी खुर्चीकडे पाहायची, मग पडद्याकडे. रडणाऱ्या बाईला ती म्हणाली, "चांगली हाये." रागावलेल्या माणसालाही "चांगला हाये." शेवटी तिने हात मागे घेतला आणि मांडीत ठेवला. ती चुकावी म्हणून मी बाहेर उभी होते, आणि ती चुकत होती.

एमआरआयसाठी नागपूरला मोठे बाबाही आले. मॅडमनी पडद्यावर मेंदूचं चित्र दाखवलं. कपाळामागचा आणि उजव्या कानशिलाकडचा भाग आक्रसला होता, मध्ये काळ्या फटी दिसत होत्या.

मोठे बाबा वाकून पाहत राहिले. "किडकं बोंड असंच असते. वरून बोंड दिसते, आत कापूस नाई."

"सगळा नाही गेला," मॅडम म्हणाल्या. "त्यांना दिसतं, आठवतं. समोरच्याच्या चेहऱ्यावरचं दुःख तेवढं त्यांच्यापर्यंत पोचत नाही."

"माह्या बोटाचं..."

"तेसुद्धा."

मोठे बाबा बाहेर गेल्यावर मी विचारलं, मी दोन वर्षं मनगट दाबून हे झाकलं नसतं तर? मॅडम म्हणाल्या की औषध तर तेव्हाही नव्हतं. मग म्हणाल्या, "पण घरच्यांना समजलं असतं."

परतीच्या बसमध्ये मोठी माय खिडकीशी, मध्ये मोठे बाबा, कडेला मी. गाठोडं आता सोडायचं, एवढंच ते बोलले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ते हाताचं काय शिकवलं व्हतं वं तिले? मले दाखव."

मी त्यांच्याच मनगटावर दाखवलं. दाबलं की रड, थोपटलं की हस.

"अन् काहीच नाई केलं तं?"

"तं राग समजते."

ते मग म्हणाले, "म्हनजे मी तं रोजच रागावून राह्यलो व्हतो."

त्यांनी तिचा हात घेतला. किती वर्षांनी घेतला असेल, कोण जाणे. काय करायचं हे न सुचून त्यांनी तो घट्ट दाबला. मोठ्या मायने ताबडतोब पदर तोंडाला लावला आणि मोठ्याने रडायला लागली. अख्खी बस मागे वळली. कंडक्टर उठून आला.

"अवं, कोनी नाई मेलं," मोठे बाबा म्हणत होते, "चूप, कोनी नाई मेलं," आणि घाबरून हात आणखीच घट्ट धरत होते. तिच्या पाठीवर थोपटलं असतं तर ती थांबली असती. माझा हात तिथपर्यंत पोचत होता. पण तिला पुन्हा खुणेवर हसवण्यासाठी तो मला उचलता आला नाही.