गालाला ऊन वर्ज्य

"हा महारोग नाही," डॉक्टर म्हणाले आणि मी श्वास सोडला. "ल्यूपस आहे. म्हणजे कातडीचा क्षय. एक्स-रेचे किरण देऊन बरा होईल. नंतर मात्र वर्षभर या गालाला ऊन दाखवायचे नाही. किरणांनी भाजलेली कातडी तान्ह्या पोराच्या कातडीसारखी असते."

डाव्या गालावरचा तांबूस चट्टा मी सहा महिने पुटकुळी समजून चोळत होतो. तुम्ही चोळू नका.

पुण्याला बारा खेपा झाल्या. दवाखान्याच्या बाकावरची माणसे मला पाहून उपरणे नाकाला लावीत. त्यांतल्या निम्म्यांची तोंडे माझ्याहून वाईट होती. किरण घेताना दुखत नाही. दुखते ते आठवड्याने. गाल लाल होतो, सोलतो, पाणी सुटते. झिंकचे मलम लावावे आणि खाजवू नये, एवढेच हाती असते.

डॉक्टरांनी रुंद काठाची साहेबी हॅट घ्यायला लावली. मी कुरवंड्याचा पहिला बी.ए., लोणावळ्याच्या शाळेत मास्तर. गावाला आयतेच मिळाले. "मास्तर सायेब झालं!" मी खुलासा केला नाही. धाकट्या बहिणीचे, चंद्राचे, लग्न ठरले होते. नवरीच्या भावाच्या तोंडाला रोग आहे एवढे कळले की सोयरीक मोडणार, हे समजायला बी.ए. व्हावे लागत नाही. वडिलांनाही, म्हणजे आबांनाही, खरे सांगितले नाही; पुटकुळी चिघळली म्हणालो. त्यांच्या पोटात काही राहत नसे.

लग्न वैशाखात होते. वऱ्हाड घोरावाडीहून आगगाडीने लोणावळ्याला उतरले. मी आणि आबा सामोरे गेलो. नवऱ्याचे मामा माझ्या हॅटकडे बघून म्हणाले, "आमी म्हनलं गोरा सायेबच आलाय न्यायला. रामराम घालावा का सलाम ठोकावा?"

सगळे हसले. आबांनी मला बाजूला घेतले आणि जरीचा फेटा हातात दिला.

"हॅट घालून नवऱ्याचा कान पिळनार हायेस? भावाचा मान हाय त्यो. लय शिकलास, पर आज माजी लाज राख. हात जोडतो."

मी फेटा बांधला. फेट्याची सावली भुवईपाशी संपते. कुरवंड्यापर्यंत उघडा रस्ता, भर दुपार, आणि वाजंत्री दर वळणावर थांबणारे. मी उपरणे गालावर धरले तर मामा ओरडले, "अरं, नवरी ऱ्हायली बाजूला, हा भाऊच लाजतोय!" उपरणे सोडले. मांडवात कान पिळला, मानाचे कापड घेतले, हसलोही.

तिसऱ्या दिवशी फोड आले, मग जखम झाली. "शिकलेले ना तुम्ही?" डॉक्टर ओरडले. जखम भरायला सबंध पावसाळा गेला. गाल पिठासारखा पांढरा पडून आक्रसला आहे. डावा डोळा पुरता मिटत नाही. चट्टा गेला, हे खरे. बरे झालो असे दवाखान्याच्या कागदावर लिहिले आहे.

पहिल्या दिवाळीला चंद्रा आली, चार दिवस राहून आनंदाने सासरी गेली. मग मी आबांना सगळे सांगितले. ते गालाकडे बघत राहिले.

"येक शबुद बोलाया काय झालं हुतं तुला?"

"बोललो असतो तर फेटा दिला नसता तुम्ही?"

आबांनी पुष्कळ विचार केला.

"दिला असता," ते म्हणाले. "लेकीचं लगीन हुतं."

खोटे बोलले नाहीत, एवढ्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.