रोमन बाईचे मणी

संग्रहालयातल्या पेटीत एका रोमन बाईचा हार ठेवला आहे. निळ्या-हिरव्या काचेचे मणी, काही हरभऱ्याएवढे, काही मोहरीहून जरासेच मोठे. खाली लिहिलंय की दोरा कधीच कुजून गेला होता, पण मणी थडग्यात तिच्या गळ्याशी जसेच्या तसे पडून होते. उत्खनन करणाऱ्यांनी ब्रशने माती झटकत एकेक मणी उचलला आणि त्याच क्रमाने पुन्हा ओवला.

मी काकूला हे वाचून दाखवलं. ती वाकून बघत राहिली.

"म्हणजे हिचे कोणी तोडले नाहीत," ती म्हणाली.

काचेला आपण उगाच नाजूक म्हणतो. दोन हजार वर्षं मातीत राहून या बाईची हाडं झिजली, काच नाही झिजली. काच मोडायला माणसं लागतात, आणि तीही घरचीच.

काका गेले त्या दुपारी बायकांनी काकूच्या मंगळसूत्राचा दोरा ओढून तोडला. काळे मणी फरशीभर उडाले. "पायात येतील, झाडून घे," आत्या मला म्हणाली. मी केरसुणी घेतली आणि कपाटाखालचेसुद्धा ओढून काढले. आत्याने सगळ्यांदेखत कौतुक केलं. मला बरंही वाटलं.

"त्यातला एखादा ठेवला होतास का गं?" काकूने पेटीवरून नजर न काढता विचारलं.

"नाही. केरात टाकले सगळे."

"हो," ती म्हणाली. "झाडलं होतंस मात्र अगदी स्वच्छ."