लोअर परळच्या हिरव्या गोळ्या

नोकरीतली कित्येक प्रकरणं विसरलो, हे एक मात्र डोक्यातून जात नाही. फोन आला तेव्हा मी सकाळची हजेरी घेत होतो. लोअर परळच्या एका चाळीतला नेमबाज घरी काडतुसं भरतो आणि गुंडांना विकतो, अशी खबर. स्कूटरची डिकी बघायला विसरू नका, हेही फोनवाल्याने दोनदा बजावलं. खबर देणारा इतका काळजीवाहू झाला की मला आधी त्याचाच संशय येतो.

पंच घेऊन गेलो. माळ्यावर शिशाचा साचा, छोटा ओव्हन आणि डबाभर हिरव्या गोळ्या सापडल्या. शिसं ओतून गोळी पाडायची, पिस्तुलाच्या नळीला ते चिकटू नये म्हणून वर रंगाचा लेप भाजायचा, असा तो उद्योग. डिकीतही तशाच गोळ्यांची पुडी आणि थोडी भरलेली काडतुसं मिळाली.

नेमबाजाने घरचा माल लगेच कबूल केला. विकतची काडतुसं सरावाला परवडत नाहीत, म्हणाला. परवाना पिस्तुलाचा होता, काडतुसं बनवायचा नव्हता, तेव्हा गुन्हा होताच. पण डिकीतला माल त्याच्या माथी बसला असता तर विक्रीचं कलम लागून गडी कैक वर्षं आत गेला असता. आणि नुकतीच त्याची राज्याच्या संघात निवड झालेली. डिकीतलं माझं नाही, एवढंच तो धरून बसला. असं सगळेच म्हणतात, म्हणून मी हललो नाही. मग त्याने डिकीतली एक गोळी मागून घेतली आणि पंचांसमोर अंगठ्याने घासली. हिरवा पोपडा सुटला. घरची घासली, तिला काही झालं नाही.

पोलीस ठाण्यात त्याचा एक मित्र सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. त्याच चाळीतला, नेमबाजीच्या सरावाला त्याच रेंजवर जाणारा. वहिनींना धीर देत होता, शिपायांना चहा पाजत होता. आरोपीच्या बायकोपेक्षा ज्याची धावपळ जास्त, त्याला मी बसवून ठेवतो. त्याला आत घेतलं, दोन्ही गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि हवालदाराला म्हटलं, "ही पोपडे सुटणारी कुणा अडाण्याने केलेली दिसते."

मित्र एकदम तापला. "अडाणी कसला, साहेब? हवा दमट होती त्या दिवशी. नाहीतर माझी गोळी त्याच्यापेक्षा..."

'माझी गोळी' तोंडातून निघून गेलं होतं. आता गप्प बसून काय उपयोग? घडाघडा बोलला मग. डिकीत माल यानेच ठेवला, फोनही यानेच केला. नेमबाजाला ओतकाम शिकवलं याने, पिस्तूल धरायला शिकवलं याने, आणि चाळीच्या तोंडाशी अभिनंदनाचा बॅनर लागला त्याचा. याची स्वतःची पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढत होती. "जळत होतो, साहेब. झोप लागत नव्हती."

नेमबाजाला जामीन मिळाला, विक्रीचा आरोप टळला. मित्र कोठडीत गेला. संध्याकाळी शिपाई सांगत आला, ताटाला हात लावत नाही म्हणून. मी गेलो. वाटलं, वकिलाचं विचारेल.

"त्याचा परवाना तरी जाईल ना, साहेब?"

जाईल, म्हटलं. संघातलं नाव? तेही जाईल. त्याने ताट पुढे ओढलं.

पैशासाठी गुन्हा करणाऱ्याला काहीतरी हवं असतं, त्याच्याशी बोलता येतं. जळणाऱ्याला स्वतःसाठी काही नकोच असतं, ते दुसऱ्याकडे नसलं की झालं. तो पोटभर जेवला. बाहेर बाकड्यावर त्याची बायको डबा घेऊन बसली होती, तिचं नावही त्याने काढलं नाही.