मुलुंडहून आणलेली चाकं

सायकलच्या ग्रीसचा वास आला की मला मुलुंडचं ते घर आठवतं. माझ्या रोड बाइकला हलकी चाकं हवी होती, पण नवी घेण्याएवढं बजेट नव्हतं. आमच्या सायकलच्या ग्रुपवर कुणीतरी चांगली जोडी अगदी स्वस्तात विकायला टाकली, तेव्हा काहीतरी लोचा असणार म्हणून मी स्वतःच बघायला गेलो. एका काकांनी चाकं हॉलमध्ये आणून ठेवली. बिनचाकांची सायकल बाल्कनीत भिंतीला टेकून उभी होती. मी रिमवरून बोट फिरवलं, एकेक स्पोक दाबून पाहिला, कुठेच खोट सापडेना. "मग एवढ्या स्वस्तात का, काका?" असं विचारत मी मागचं चाक उचलून जोरात फिरवलं. त्याची टिकटिक घरभर घुमली आणि स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "आलास रे? हात काळे असतील, आधी धुऊन घे. वाढते मी." काकांनी झटकन पुढे होऊन फिरतं चाक हातानेच थांबवलं. "दोन वर्षं झाली मुलाला जाऊन," ते हळूच म्हणाले. "सायकल पुसायला घेतली तरी हिला वाटतं, तो आला. तुम्ही घेऊन जा ही." मी घेऊन आलो. चाकं झकास आहेत, आजही पळतात. फक्त राइडवरून परतताना मी गेटपाशीच उतरतो आणि सायकल खांद्यावर घेऊन जिना चढतो. वर आई माझी वाट बघत असते, आणि तिला मला या आवाजाची सवय लागू द्यायची नाही.