निमकर बाई घरातच आहेत

फोन आला की निमकर बाई गॅलरीच्या कठड्यावर कालथा आपटायच्या आणि वर तोंड करून हाक मारायच्या, "कुसुम, धाव गं, तुझ्या भावाचं मीटर पळतंय." डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत तेव्हा फोन एकट्या बाईंकडे. सगळ्यांनी गावी त्यांचाच नंबर देऊन ठेवलेला. शहाडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, गुडघे पार गेलेले. फार तर म्हणायच्या, "शाळेत घंटा द्यायला शिपाई होता. इथे शिपाईही मीच."

वाईट बातमी आली तर मात्र कालथा वाजायचा नाही. बाई स्वतः जिने चढायच्या, त्या घरात जाऊन पाणी मागायच्या, माणसाला शेजारी बसवायच्या आणि मगच सांगायच्या. "आधी बसवावं, मग बोलावं." एवढंच.

मी शेजारी राहायचो. नुकताच घरी कॉम्प्युटर घेतला होता. "बाई, तुमचे गुडघे वाचतील," असं सांगून त्यांच्या फोनची एक वायर गॅलरीतून माझ्याकडे ओढली आणि मॉडेमला लावली. दुपारी बाई पडल्या की फोन कॉम्प्युटर उचलणार, बाईंचा आवाज ऐकवणार, पलीकडचा निरोप साठवणार. संध्याकाळी ज्याचा त्याने येऊन ऐकायचा. गुडघे हे निमित्त. मी रात्रपाळी करून दुपारी झोपायचो आणि कालथा माझ्या उशाशी वाजायचा.

आवाज भरताना मी त्यांना 'मी आत्ता घरी नाही' असं लिहून दिलं.

"घरातच तर आहे. खोटं कशाला बोलू?"

"असंच म्हणतात बाई सगळीकडे."

"म्हणू देत." आणि त्यांनी भरलं, "मी निमकर बाई. घरातच आहे, पण गुडघे दुखतायत म्हणून पडलेय. काय ते सावकाश सांगा."

लोक त्या आवाजाशीच बोलायचे. कुणाचे तरी आजोबा नातवाचा निरोप विसरून गुडघ्यांना कुठलं तेल लावावं ते सांगत राहिले. बाईंनी ते मला पुन्हा लावायला लावलं. "अरे, हा माझ्यासाठी आलेला निरोप."

मग ती दुपार. मी जागाच होतो. कॉम्प्युटरने फोन उचलला आणि कुसुमच्या भावाचा आवाज आला, "बाई, ताईला सांगा, आबा गेले. खडवलीला लगेच ये म्हणावं, थांबतो आम्ही." बाईंना उठवायचं किंवा वर जायचं, एवढंच काम होतं. मी गेलो नाही. तिच्या तोंडाकडे बघून ते बोलायचं, हे मला झेपेना. संध्याकाळी ती पिठाचे हात तसेच घेऊन विचारायला आली, "माझं काही आलंय का रे?"

"असेल. थांब, लावतो," म्हणालो, कळ दाबली आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो. मागून बाईंचा तो भरलेला आवाज, मग तिच्या भावाचा. मग तिचा.

ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. माणसं किती थांबणार.

"तू आधी ऐकलं नव्हतंस ना?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. झोपलेलो."

"मग चूक माझीच." त्यांनी स्वतः वायर काढली.

दिवसकार्य आटोपून कुसुम परतली, तेव्हा बाई वर गेल्या. मी त्यांचा हात धरून होतो. "मी दुपारची पडले होते गं," बाई तिला म्हणाल्या. "माझ्या झोपेपायी तुला वडील दिसले नाहीत."

"असं बोलू नका हो बाई," म्हणत ती रडू लागली. मी हात धरून उभा होतो, बस.

त्यानंतर बाई दुपारच्या कधी आडव्या झाल्या नाहीत. फोनशेजारी लाकडी खुर्चीत बसून राहायच्या, मान पडली की दचकून उठायच्या. घरोघरी फोन आले तरी ती खुर्ची हलली नाही. शेवटी भाच्याने त्यांना बाळकुमला नेलं.

तिथे मी एकदाच गेलो, सगळं सांगायचं ठरवून. अंथरुणावरूनच त्यांनी विचारलं, "सुधीर, कुसुमने मनात ठेवलं नाही ना रे?"

"नाही बाई. तिने कधीच ठेवलं नाही."

हे खरंच होतं. "बरं झालं," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. झोप लागली नव्हती त्यांना. मी बराच वेळ तिथे बसून होतो.