बसलेला आवाज आणि आकाशगंगेच्या भुजा

बपेऱ्याच्या शाळेत, दुपारी ताऱ्यांचा खेळ दाखवताना मध्येच माझा आवाज गेला. आधी चिरकला, मग तोंडातून नुसती हवा येऊ लागली. अंधारात पोरं हसली. त्यांना वाटलं मी मुद्दाम करते आहे. मी पडद्यावरचं चित्र तसंच फिरत ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. भिंत म्हणजे कापडच, त्यामुळे तीही मागे गेली.

आमचा धंदा असा आहे. हवा भरली की उभा राहणारा एक घुमट आहे, आतून पांढरा, बाहेरून करडा. तो व्हॅनमध्ये टाकून आम्ही दोघं नवराबायको तालुक्यातल्या शाळा फिरतो. पोरं चपला-बूट काढून कापडी बोगद्यातून रांगत आत येतात, मी प्रोजेक्टर लावते आणि तारे, ग्रह, आकाशगंगा दाखवते. मी आधी तुमसरच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवत होते. तिथले वर्ग कमी झाले आणि मला घरी बसवलं. हे धानाच्या गिरणीत होते. कोंड्याच्या धुळीनं दमा लागला, तेव्हा तेही घरी आले. नागपूरचा एक माणूस हा घुमट विकायला निघाला होता, तो आम्ही घेतला. काम आपोआप वाटलं गेलं. हे गाडी चालवणार, घुमट पसरणार, त्यात हवा भरत राहणाऱ्या पंख्यापाशी बसणार, शेवटी घडी घालणार. मी आत बोलणार.

सुरुवातीला बोलायला आवडायचं, खोटं कशाला सांगू. पण तेच वाक्य दिवसातून चार-पाचदा, वर्षानुवर्षं बोललं की ते तोंडातून आपलं आपण निघतं. शनीची कडी सांगताना मी मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करत असे. आकाशगंगेच्या भुजा, म्हणजे मध्याभोवती वळलेले ताऱ्यांचे पट्टे, शेवटी यायच्या. तोवर आत पोरांच्या घामाचा आणि मोज्यांचा वास दाटलेला असायचा, मागची पोरं एकमेकांना चिमटे काढत असायची. भुजा आल्या की मला कळायचं, आता सुटका जवळ आली. माझ्याकडे दोन चित्रं आहेत. जुन्यात चार ठळक भुजा आहेत, नव्यात दोन ठळक आणि बाकीच्या फिक्या. जाणकारांचंच अजून पुरतं ठरलेलं नाही. जे हाताला लागेल ते मी लावायची. कोणी विचारलं नाही.

भंडाऱ्याच्या घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं. स्वरपट्ट्या सुजल्यात, गाठी धरू पाहतायत, म्हणाले. कुजबुजसुद्धा करायची नाही, काही दिवस पूर्ण मौन. हे बाजूला उभे राहून मान हलवत होते.

चिखल्याच्या शाळेतला खेळ आधीच ठरलेला होता. तो आम्ही दोनदा पुढे ढकलला होता आणि तिथल्या मुख्याध्यापक बाईंना पुन्हा नाही म्हणायला तोंड नव्हतं. घरी आल्यावर मी मोबाइलवर लिहून ह्यांना दाखवलं, खेळ रद्द करू.

"काहून?" हे म्हणाले. "मी सांगतो."

मी लिहिलं, तुम्हाला काय येतं?

"येत तं काही नाही. पण ऐकलं आहे ना."

मी हसले. हे पंख्यापाशी बसतात ते तंबाखू चोळत, डोळे मिटून. ह्यांनी काय ऐकलं असेल?

चिखल्याला पोहोचलो तेव्हा मॅंगनीजचे ट्रक रस्त्यावर होतेच. काळी धूळ काचेवर बसली. ह्यांनी रुमाल नाकाला बांधला. शाळेच्या मोठ्या खोलीत घुमट फुगवला. बाई पोरांना रांगेत घेऊन आल्या. खाणीच्या वसाहतीतली पोरं. बोगद्यात शिरायला एकानंही का-कू केली नाही. हे शेवटी रांगत आत गेले आणि मी पहिल्यांदाच बाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पंख्यापाशी बसले.

बाहेर बसणं सोपं असतं अशी माझी समजूत होती. पंख्याचा आवाज डोक्यात घुमतो. आतलं काही ऐकायचं तर कापडाला कान लावून, वाकून बसावं लागतं. मी तशी बसले. पाठ लगेच दुखायला लागली.

ह्यांनी सुरुवात माझ्याच वाक्यांनी केली. "मित्रांनो, आपण आता पृथ्वी सोडून एका लांबच्या प्रवासाला निघणार आहोत." पुस्तकी मराठीत, शाळेत कविता म्हणावी तसं. चंद्रापर्यंत गाडी नीट गेली. गुरूपाशी अडखळले, थांबले, खोकले. मग म्हणाले, "हे पाहा पोट्टेहो, मले असं बोलता येत नाही. मी आपलं घरच्यावानी सांगतो." पोरं हसली, पण टर उडवायला नाही.

पुढं काही चुकलंही. गुरूचे चंद्र शनीला दिले. मी बाहेर तोंड उघडलं आणि मिटलं.

मग आकाशगंगा आली. एका मुलीनं विचारलं, "सर, हा फोटो कोणी काढला?"

"कोणीच नाही. तितक्या दूर कोणी गेलंच नाही अजून. घरात बसून घराचा फोटो बाहेरून कसा काढसान? हे चित्र आहे. आत बसल्या-बसल्या मोजून काढलेलं. आपला सूर्य हा इथी, या लहानशा फाट्यात. मोठ्या भुजेतही नाही."

हे बोलणं माझं होतं. मी कधीकाळी सांगायची. अलीकडे गाळत होते.

दुसरा एक पोरगा म्हणाला, "हे फिरून राहिलं ना सर? मंग भोवऱ्याच्या दोरीवानी या भुजा गुंडाळून काहून जात नाही?"

हा प्रश्न मला आजवर क्वचितच कोणी विचारला होता, आणि विचारला तेव्हा मी "ते पुढच्या वर्गात" म्हणून पुढे गेले होते.

"तुमसरच्या रस्त्यावर पुलाचं काम चालू आहे, पायलं?" हे म्हणाले. "तिथी गाड्या हळू होतात. गर्दी होते. पुढच्या निघून जातात, मागून नव्या येतात. सकाळी पाहा, संध्याकाळी पाहा, गर्दी आहेच. पण गाड्या त्याच आहेत का?"

"नाही," पोरं म्हणाली.

"तसं हे. तारे येतात, गर्दीत हळू होतात, निघून जातात. गर्दीही फिरते, पण आपल्या चालीनं. भुजा म्हणजे काही दोरी नाही. गर्दी आहे ते. म्हणून गुंडाळत नाही."

हे मी ह्यांना एकदा सांगितलं होतं. उन्हाळ्यात त्याच पुलापाशी आम्ही ट्रकांच्या मागे अडकलो होतो, वेळ जाईना म्हणून मी बडबडले होते. हे त्या वेळी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. "हं" सुद्धा म्हणाले नव्हते.

पोरं बाहेर आली. बाई ह्यांना म्हणाल्या, "छान सांगितलं सर. फक्त भाषा जरा शुद्ध ठेवा, मुलं तेच उचलतात." हे "हो जी" म्हणाले आणि ओट्यावर आडवे झाले. शर्ट घामानं चिकटला होता, छाती वरखाली होत होती. मी इनहेलर दिला. दुसऱ्या तुकडीला ह्यांना आत जाऊ देणं शक्यच नव्हतं. मी बाईंना लिहून दाखवलं, की आता फक्त चित्रं आणि संगीत होईल. त्यांचा चेहरा पडला, पण त्या स्वतः आत बसल्या आणि त्यांना येत होतं तेवढं सांगत राहिल्या.

परतताना हे ट्रकांच्या रांगेतून गाडी काढत होते. मग म्हणाले, "तू रोज कशी बोलते वं एवढं?"

मी खांदे उडवले.

"कंटाळा नाही येत?"

मी मान हलवली. येतो. मग पुन्हा हलवली. फार येतो.

ह्यांनी गाडी हळू केली. "मले वाटे तुले आवडते. शाळा सुटली, तं हे तरी राहू द्यावं तुले. म्हणून घडी घालत राहिलो. त्या कापडाची घडी घालताना जीव जाते माहा."

मी गाडी थांबवायची खूण केली आणि मोबाइल काढला. दोनदा खोडून लिहिलं, मला वाटायचं तुमचं मन रमतं, गिरणीचं विसरता. म्हणून मी चालू ठेवलं.

ह्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मोबाइल परत दिला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. दोघांनाही रडू आलं नाही, हसूही आलं नाही. एवढी वर्षं दोघं एकमेकांसाठी ओझं वाहत होतो. ते कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. उलट सगळा थकवा एकदम अंगावर आला. घरी जाऊन वरण-भात खाऊन झोपलो.

घुमट विकायचं ठरलं. मग विचारायला आलेल्या माणसाला तो जुना वाटला, आणि तोवर शाळांचे फोन येऊ लागले. माझा आवाज परतला, पण खरखरीत. वरचा सूर लागत नाही. आता आम्ही आठवड्यात मोजक्याच शाळा घेतो. ग्रहांपर्यंत मी सांगते, भुजा हे सांगतात, पोरांनी विचारलं तरच जास्त बोलतात. घडी घालायला शाळेतल्या मोठ्या पोरांना हाक मारतो. ह्यांच्या भाषेबद्दल अधूनमधून कोणी ना कोणी शिक्षक बोलतात. मी ऐकून घेते.

परवा आंधळगावला पहिली तुकडी झाली आणि शाळेतली सगळी पोरं खिचडी खायला गेली. पंखा चालू ठेवून मी ह्यांना आत बोलावलं. एवढ्या वर्षांत दोघं एका वेळी आत कधी बसलो नव्हतो. सतरंजीवर आडवे झालो. वर आकाशगंगा हळूहळू फिरत होती, चार भुजांची, जुनी. काहीतरी बोलावं असं मनात आलं, पण घसा राखून ठेवायचा होता. थोड्या वेळानं बघितलं तर हे घोरत होते. मीही डोळे मिटले.

"मॅडम, दुसरी बॅच आणू का?" बोगद्यातून एका शिक्षकांचं डोकं आत आलं.

"थोडं थांबा जी," मी म्हणाले. "जेवू द्या पोरांना नीट."