आखाजीचा शेंदूर

"त्या दगडले खरडू नको व माय. तठे बाई बसेल शे."

"कोण बाई, अक्का? देवी?"

"देवी कसानी! मन्ही सवत."

पोरंपोरी हसली. तानुबाई हसली नाही. डोक्यावरची घागर तिनं चुन्याच्या हौदात ओतली आणि पुन्हा बारवेच्या पायऱ्या उतरली.

धरणगावपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात एक्याण्णवच्या मे महिन्यात कॉलेजची बारा पोरं आली होती. जुनं बांधकाम कसं राखायचं ते शिकायला. महिनाभराचा उन्हाळी वर्ग, आणि शाळा म्हणजे आमची पडकी बारव. चुना भिजवायचा, सांधे भरायचे, दगडावर चढलेले थर काढायचे. त्यांच्या शिक्षिका प्रमिलाबाई. पाणी वाहायला रोजानं तानुबाई.

बारवेच्या कोनाड्यात शेंदरानं थापलेला एक गोळा होता. तानुबाईची मोठी सवत सुंदरबाई याच बारवेत बुडून मेली. तेव्हापासून दर आखाजीला, घरोघरी मेलेल्यांच्या नावानं घागर भरतात त्या दिवशी, तानुबाई त्या गोळ्यावर तेल-शेंदराचा हात फिरवायची. गाव म्हणायचं, सवत असून किती माया! उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तिला तळातून बांगड्या वाजलेल्या ऐकू येत. मग त्या वर्षीचा हात ती जाड फिरवायची. हे गावाला ठाऊक नव्हतं.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "गावाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." गावाला काय, आत देव निघेल म्हणून हुरूप! गावातले वडीलधारे चुडामणआबा नारळ घेऊनच आले. "निघू द्या देव! गावनं भलं व्हई!" नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. तानुबाईनं घागर उचलली.

दोन दिवस पोरांनी गोळा नरम केला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा ढलपा सुटला. एका पोरीनं कडा उन्हात धरली. "अक्का, तीस थर आहेत! झाडाच्या खोडासारखे!"

आत देव नव्हता. साधा काळा दगड, आणि सगळ्यात खालच्या थरात रुतलेली काचेची बांगडी. हिरवी, सोनेरी ठिपक्यांची. अख्खी.

चुडामणआबांचा नारळ हातातच राहिला.

ताईबाई काठी टेकत पुढं आली. गावातल्या मेलेल्या बायांना न्हाऊ घालणारी ही म्हातारी. बांगडीकडे बघत म्हणाली, "हाई सुंदरनी. बोदवडथीन, माहेरथीन भरी आनेल व्हती. गावम्हा दुसरी कोनाच हातम्हा नव्हती." मग थांबून, "तिले न्हावाडं ते मीच. उजवा हातम्हा चार व्हत्यात. डावाम्हा तीन. मी म्हनं, फुटनी व्हई पान्याम्हा." ती तानुबाईकडे वळली. "अख्खी कशी राह्यनी व तानू?"

प्रमिलाबाईंनी पोरांना वर जायला खुणावलं. एकही हललं नाही.

तानुबाईनं चुंबळ डोक्यावरून काढली, झटकली.

"मोठीना पाय सरकना. हात मी धरा व्हता," ती म्हणाली. "मंग सोडी दिन्हा. बांगडी मन्ह्या मुठीम्हा राह्यनी."

"काबर सोडा?" ताईबाईनं विचारलं.

"एक घरम्हा दोन चुली. आनखी काय?"

बांगडी घराकडे नेली तर मोठी मागं येईल, पाण्यात टाकली तर तिच्या हातात परत जाईल. म्हणून बांगडी कोनाड्यात घातली आणि वरून शेंदरानं बुजवली. सवतीला तिथंच बसवून ठेवायला. तीस वर्षं बसली.

"आते ती मोकळी व्हयनी," ताईबाई म्हणाली.

तानुबाईनं हौदाकडे पाहिलं. चुन्यावर पापुद्रा धरत होता, बारीक तडे जात होते. पाणी तुटलं तर भिजवलेला सगळा चुना वाया.

"चुना सुकी राह्यना," ती म्हणाली. चुंबळ डोक्यावर ठेवली, घागर उचलली.

कोणी वाट अडवली नाही, सोबतही कोणी गेलं नाही. पावलं खाली खाली गेली. शेवटच्या पायरीवर थांबली. मग तळातून तिचा आवाज आला, रोज नळावर बाया बोलतात तसा.

"सरक व मोठी. माले पानी भरू दे."

आणि घागर बुडाली.